तारेच्या आत, तारेच्या बाहेर

"…आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. हे संशोधनानं सिद्ध झालेलं आहे!"

वनखात्याच्या साहेबांचा आवाज कर्ण्यातून फुटला आणि शाळेच्या पत्र्यावर आदळून परत आला. पाणेरीच्या शाळेपुढं मांडव घातला होता. स्टेजवरच्या शेवटच्या खुर्चीत दीक्षा होवाळ बसली होती. अंगावर नुकतीच पांघरलेली शाल, मांडीवर नारळ. सत्काराच्या टाळ्या आत्ताच थांबल्या होत्या आणि त्यांत सगळ्यांत जोरात टाळ्या होत्या तिच्या आप्पांच्या. धोंडिराम होवाळ, एसटीच्या विटा डेपोतले मेकॅनिक, रजा टाकून, पांढरा शर्ट परीटघडीचा घालून लेकीचा सत्कार बघायला सातारा जिल्ह्याच्या या टोकाला आले होते.

"पाणेरीच्या गुरांनी हा सडा, हे वरचं अख्खं पठार, खाऊन टाकलंय," साहेब पुढं म्हणाले. "झरे आटले ते गुरांमुळं. दुर्मिळ वनस्पती चालल्या त्या गुरांमुळं. ही मुलगी दीड वर्ष तुमच्यात राहिली, तिनं अभ्यास केला, तिचाच हा निष्कर्ष आहे. तेव्हा येत्या पावसाळ्यापासून अभयारण्यात चराई पूर्ण बंद. आणि वर्ष-दोन वर्षांत पाणेरीचं पुनर्वसन कवठे महांकाळच्या बाजूला करण्याचा प्रस्ताव आम्ही पाठवतोय."

दीक्षाला आधी वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली. मग तिनं समोर बघितलं. बायकांच्या रांगेत, जिच्या घरी ती दीड वर्ष राहिली ती साळूबाई बसली होती. ती साहेबांकडं बघत नव्हती. ती दीक्षाकडं बघत होती. त्या नजरेत राग असता तर दीक्षाला सोपं गेलं असतं. पण साळूबाई नुसती बघत होती, एखाद्या माणसाला आपण ओळखलंच नव्हतं असं कळल्यावर बघतात तशी.

दीक्षा शेजारच्या खुर्चीकडं वळली. तिथं तिचे मार्गदर्शक डॉ. रणनवरे बसले होते.

"सर," ती दबक्या आवाजात म्हणाली, "हे आपलं नाही. मी असं लिहिलेलं नाही."

"तू नाही लिहिलंस," सर समोर बघतच म्हणाले. "सारांश मी पाठवलाय. गप्प बस आता. फोटो काढतायत."

*

दीक्षाचं गाव कवठे महांकाळ तालुक्यात. दोन उन्हाळ्यांमध्ये एखादा पावसाळा सापडला तर सापडला, असं. लहानपणी तिनं पाहिलेली झाडं म्हणजे बाभळी, लिंब आणि शाळेपुढचा एक गुलमोहर. बी.एस्सी.ला असताना कॉलेजची सहल पाणेरीच्या सड्यावर गेली आणि तिथं तिनं पहिल्यांदा ढग पायाखाली बघितला. काळ्या-तांबड्या खडकाचं भलंमोठं पठार, त्यावर बोटभर माती, आणि त्या मातीत फुलांची नुसती दाटी झालेली. सगळ्या मुली फुलांत बसून फोटो काढत होत्या. दीक्षा मात्र पालथी पडून एका इवल्या फुलाकडं बघत राहिली. ती जी बघत राहिली ती पुढं एम.एस्सी. झाली, मग साताऱ्यात एम.फिल.ला लागली, तरी तिचं बघणं संपलं नव्हतं.

पंच्याण्णव साल होतं ते. जग तापतंय, ऋतू सरकतायत, हे तेव्हा मासिकांतून नुकतं कुठं वाचायला मिळत होतं. दीक्षानं विचारलं, "सर, हे आपल्याकडं कुणी बघितलंय का? आपल्या कॉलेजच्या संग्रहात पाणेरीच्या सड्यावरचे पन्नास वर्षांपूर्वीचे वाळवलेले नमुने आहेत. कुठल्या तारखेला, किती उंचीवर सापडले ते प्रत्येकावर लिहिलंय. तेच झाड आज कुठं आहे, कधी फुलतं, हे बघितलं तर?"

सर हसले होते. "विलायती खूळ आहे ते. पाचगणीला आजही स्वेटर लागतो." पण तेव्हाच अभयारण्यासाठी बाहेरच्या पैशाचा मोठा प्रकल्प येणार अशी बातमी आली, आणि आठवड्याभरात सरांनी तिला बोलावून घेतलं. "होवाळ, तुझा तो विषय घे. हवामानबदल. शब्द चांगला आहे."

सड्याच्या खांद्यावर वसलेलं पाणेरी म्हणजे तीसेक घरं. सगळी म्हसरं पाळून पोट भरणारी. राहायची सोय साळूबाईकडं झाली. साळूबाई पन्नाशीची, विधवा, घरात एकटी. दीर जोतिबा शेजारच्या घरात. तो फौजेतून हवालदार होऊन परतलेला, म्हणून अख्खं गाव त्याला हवालदारच म्हणायचं.

"आडनाव काय म्हनलीस?" पहिल्या दिवशी साळूबाईनं विचारलं.

"होवाळ."

"कुनातलं?"

"बौद्ध."

साळूबाईनं पुढं काही विचारलं नाही. गोठ्याला लागून असलेली पडवी तिनं झाडून दिली, घोंगडं दिलं, भाकरी दिली. पाणी मात्र वरून ओतलं. दीक्षानं ओंजळ धरली. गावातून पुढं विट्याच्या डेपोजवळ येऊन वाढलेल्या मुलीला हे पुस्तकातलं वाटत आलं होतं. त्या संध्याकाळी तिला बॅग उचलून परत जावंसं वाटलं. पण सडा समोर होता. ती राहिली.

पुढं श्रावणात तिला हिवताप भरला. शुद्ध अर्धी हरपलेली. साळूबाईनं तिला उचलून चुलीपाशी आणून निजवलं, आपल्या हातानं पेज पाजली, पायाच्या जळवा मीठ लावून काढल्या. बरी झाल्यावर मात्र पाण्याचं भांडं पुन्हा वेगळंच. ते दिवाळीपर्यंत वेगळं राहिलं. मग एके दिवशी साळूबाई दारातूनच ओरडली, "पोरी, मोकळीच निगालीस व्हय? हंडा घे की, येताना भरून आन." इतकंच. ना कसली माफी, ना कसलं बोलणं. झऱ्यावर हंडा भरताना दीक्षाला आनंद व्हावा की संताप हेच ठरवता येईना. शेवटी हंडा जड होता म्हणून ती त्यातच गुंतली.

काम चाललं होतं. सड्याचा अर्धा भाग वनखात्यानं पंधरा वर्षांपूर्वी काटेरी तार मारून बंद केला होता. आत एक शेळीही जायची नाही. बाहेरच्या अर्ध्यावर पाणेरीची म्हसरं चरायची. दीक्षानं दोन्हीकडं दोरी लावून सारखेच चौकोन आखले. पाऊस, धुकं, उष्मा, कुठलं झाड कधी उमललं, कुठली डबकी कधी आटली, सगळं दोन्हीकडं सारख्याच काळजीनं बघत राहिली.

आणि हळूहळू जे दिसत गेलं त्यानं ती हादरली. पाऊस साधारण तेवढाच पडत होता, पण कोसळून जात होता. रिमझिम आणि धुक्याचे दिवस कमी झाले होते. थंडी उशिरा येऊन लवकर जात होती. पांढऱ्या फुलांची एक आमरी, इथलं रानटी ऑर्किडच, जुन्या नमुन्यांत सड्याच्या खाली, रानाच्या कडेला सापडल्याची नोंद होती. ती आता तिथं नव्हतीच. ती वर सरकत सरकत सड्याच्या अगदी माथ्यावर, शेवटच्या खडकापाशी आली होती. त्याच्या वर आभाळ.

आणि मुख्य गोष्ट ही, की हे सगळं तारेच्या आतही होतं आणि तारेच्या बाहेरही होतं. अगदी सारखं. आतल्या झऱ्याला पंधरा वर्षांत म्हशीनं तोंड लावलं नव्हतं, तरी तो माघातच आटत होता. चराईनं नुकसान होतच नाही असं नव्हे. बाहेर गवत खुरटं होतं, पायवाटा पडल्या होत्या, हेही तिनं लिहिलं. पण झरा आटतो आणि आमरी पळते, त्यात म्हशीचा हात नाही.

एकदा शेणी थापताना साळूबाई म्हणाली होती, "साहेब म्हनत्यात, पानी तुमच्या म्हशी आटवत्यात. तू बघतीस न्हवं रोज? जे आसंल ते सांग. आमची चूक आसली तरी सांग. पर खरं सांग."

"सांगेन मावशी," दीक्षा म्हणाली होती.

तिनं प्रबंधात तसं लिहिलंही. सरांनी पानं उलटली, "छान, मेहनत आहे," म्हणाले, आणि ठेवून घेतला. महिन्याभरानं निरोप आला, पाणेरीत सभा आहे, तुझा सत्कार आहे, वडिलांना आण.

*

साहेब खाली बसले. टाळ्या वाजल्या त्या फक्त स्टेजवर.

मांडवात जोतिबा हवालदार उठून उभा राहिला. फौजेत असल्यासारखा ताठ.

"साहेब, तुमाला काय इचारायचं न्हाई," तो म्हणाला. "तुमी तर पयल्यापासनं हेच म्हनताय. मला या पोरीला इचारायचंय. पोरी, दीड वरीस तू आमच्यात जेवलीस. आमच्या वहिनीनं तुजं आजारपन काढलं. तू हे लिवलंस? आमच्या म्हशींनी पानी आटवलं आसं लिवलंस? व्हय म्हन न्हाईतर न्हाई म्हन."

मागून कुणीतरी बोललं, "तिचाच तालुका की गड्या त्यो, कवठे महांकाळ. तिकडंच चाललोय आपन!" आणि कुणीतरी कडवट हसलं.

दीक्षा उठली. रणनवरे सरांनी शालीचं टोक धरलं.

"बस खाली. नंतर बोलू. तुझा व्हायवा अजून व्हायचाय, विसरू नकोस."

शाल त्यांच्या हातात राहिली. दीक्षानं नारळ खुर्चीत ठेवला आणि माईकपाशी गेली. तिनं तोंड उघडलं आणि कर्णा गप्प झाला. कुणी वायर काढली ते कळलं नाही. साहेबांच्या ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर मात्र हसू होतं.

ते हसू बघून तिनं माईक सोडला. ती स्टेजच्या कडेला आली.

"नाही!" ती म्हणाली. आवाज फाटला. ती पुन्हा म्हणाली, "नाही. मी हे लिहिलेलं नाही. मी याच्या उलट लिहिलंय."

तिनं सड्याच्या दिशेनं हात केला.

"सड्यावर तार आहे. तारेच्या आत म्हसरू जात नाही. पंधरा वर्षं गेलेलं नाही. मी आतही बघितलं आणि बाहेरही बघितलं. आतला झराही आटतोय. आतली फुलंही चालली आहेत. म्हशी आत जात नाहीत, मग आतलं पाणी कुणी आटवलं?"

"आत बी आटलाय, व्हय," कुणीतरी म्हणालं. "दोन सालं झाली."

"हवा बदलतेय. ऋतू बदलतायत. हे पाणेरीनं केलेलं नाही. हे ज्यांनी केलंय ते इथं राहत नाहीत. त्यांच्या मोटारी, त्यांच्या गिरण्या आणि कारखाने, त्यांचा धूर. त्याची शिक्षा तीस घरांना देताय आणि वर माझं नाव घेताय? माझं नाव घेऊन नका देऊ!"

साहेब उठले. ते चिडले नव्हते. माणसं चिडण्याच्या लायकीची वाटली तरच त्यांच्यासारखे चिडतात. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, मुलगी भावनेच्या भरात बोलतेय. इथं राहिल्यामुळं जिव्हाळा होतो. डॉक्टर, तुम्हीच सांगा."

रणनवरे सर उभे राहिले. माईक आपोआप सुरू झाला.

"विद्यार्थी माहिती गोळा करतो," ते म्हणाले. "तिचा अर्थ लावायला अनुभव लागतो. निष्कर्ष काढणं हे मार्गदर्शकाचं काम आहे. होवाळ ही कष्टाळू मुलगी आहे यात शंका नाही. पण कुठल्या परिस्थितीतून, कुठल्या सवलतींवर ही मुलं इथवर येतात हे आपण लक्षात घेतलं पाहिजे. त्यांच्याकडून एवढ्या समजेची अपेक्षा…"

वाक्य अर्धवट सोडून ते मोठ्या मनानं हसले.

खडकावर पालथं पडून सोललेली कोपरं, तापात काढलेले दिवस, वरून ओतलेलं पाणी, सगळं सोसून जे हाती आलं, ते या माणसानं खोलीत बसून उलटं करून ठेवलं. आणि उलटं केलंय म्हटल्यावर तिची जात काढली. चार माणसांत. तिच्या बापादेखत.

तिला आप्पांकडं बघायचं धाडस होईना. पण आप्पाच उठले होते. धोंडिराम होवाळ उभ्या जन्मात कधी सभेत बोलले नव्हते. डेपोच्या मीटिंगमध्येही ते शेवटच्या रांगेत बसत.

"आवं सर," ते म्हणाले. आवाज हळू होता, पण मांडव इतका गप्प होता की शेवटपर्यंत गेला. "माझ्या लेकीची समज ऱ्हाऊ द्या बाजूला. ती इचारतीया त्याचं उत्तर द्या की. तारंच्या आतलं पानी कुनी पिलं?"

सरांनी त्यांच्याकडं बघितलं आणि मान वळवली. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"चर्चा सविस्तर नंतर होईल," ते म्हणाले. "चहाची व्यवस्था केलेली आहे."

"च्या नगं!" साळूबाई ओरडली. ती उभी राहिली होती. "पोरगी इचारतीया ते सांगा आदी. तिच्या बापानं इचारलंय. सांगा!"

मग सगळा मांडव उठला. "सांगा" "सांगा" एवढाच आवाज. कुणी दगड उचलला नाही, कुणी शिवी दिली नाही. पण साहेब जीपकडं निघाले ते झपाझप. चहाची किटली तशीच टेबलावर राहिली.

जीपमध्ये चढण्यापूर्वी सर दीक्षाजवळ आले.

"अजूनही वेळ गेलेली नाही," ते म्हणाले. "बोलण्यात गैरसमज झाला, एवढं लिहून दे. प्रकल्प मोठा आहे, तीन वर्षांचा. तुला त्यात जागा आहे. पीएच.डी. होऊन जाईल. नाहीतर, दीक्षा, माझी सही तुला मिळणार नाही."

त्यांनी पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली होती.

"सर, आतलं पाणी कुणी आटवलं?" ती म्हणाली.

जीप धूळ उडवत गेली. बापलेकीला परत नेण्याचा विषयच नव्हता. दोघं रस्त्याला लागली. जोतिबा हवालदार फाट्यापर्यंत सोबत आला. एसटी आली तेव्हा त्यानं आप्पांना कडक सलाम ठोकला. आप्पांना काय करावं कळेना. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि "जयभीम" म्हणाले. जोतिबा क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, "जयभीम."

*

सही मिळाली नाही. दीक्षा दीड वर्षं चकरा मारत राहिली. या टेबलावरून त्या टेबलावर. एकजण म्हणाला, मार्गदर्शक बदला. दुसरा मार्गदर्शक म्हणाला, रणनवऱ्यांशी वैर कोण घेणार. एक बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "अगं, थोडं नमतं घ्यायचं. बायकांनी तर घ्यावंच लागतं." दीक्षा घरी आली आणि त्या दिवशी जेवली नाही. आई, अंजनाबाई, ताटाशी बसून राहिली. "नमतं घेतलं असतंस तर बरं झालं असतं असं वाटतं का तुला?" तिनं विचारलं. "नाही," दीक्षा म्हणाली. "मग जेव," आई म्हणाली.

त्याच सुमारास दिल्लीच्या एका परिषदेत रणनवरे सरांनी पाणेरीच्या सड्यावर निबंध वाचला. आकडे सगळे दीक्षाचे. चौकोन तिचे, धुक्याचे दिवस तिचे, आमरी तिची. निष्कर्ष सरांचे, आणि नावही एकट्या सरांचंच. वर्तमानपत्रात फोटो आला. सर शाल पांघरून उभे होते. तो फोटो आप्पांनी बघितला, कागदाची घडी घातली आणि तो डेपोत ग्रीस पुसायला नेला.

आणि पाणेरी? पाणेरी उठलीच. एक शाळकरी मुलगीही विचारू शकेल असा तो प्रश्न होता, त्याचं उत्तर कुणी दिलं नाही, आणि गाव मात्र उठवलं. आधी चराई बंद झाली. मग दंड झाले, म्हशी कोंडवाड्यात गेल्या. मग लोक थकले. पण एक घडलं. सभेतली बाचाबाची साताऱ्याच्या एका दैनिकात छापून आली होती, जोतिबा हवालदार त्याचं कात्रण घेऊन कलेक्टर कचेरीत चार वेळा जाऊन बसला होता, आणि पुनर्वसनाचा शेवटचा आदेश निघाला तेव्हा त्यात गुरांचा दोष, संशोधनाचा निष्कर्ष असलं एक अक्षर नव्हतं. 'अभयारण्याच्या विस्तारासाठी' एवढंच होतं.

"गेलो त्ये गेलो," हवालदार नंतर म्हणाला. "पर चोर म्हनून न्हाई गेलो."

लोकांना हे सांगितलं तर ते हसतात. एवढ्यासाठी पोरीनं पदवी घालवली? कवठे महांकाळजवळच्या हायस्कुलात दीक्षा शास्त्र शिकवायला लागली. वर्गात मुलांनी वहीत उतरवलेलं उत्तर तिला चालत नाही. "तू बघितलंस का?" ती विचारते. "बघून ये आणि मग लिही." मुलं कंटाळतात, पण जाऊन बघून येतात.

नव्याण्णवच्या एप्रिलमध्ये तिला कळलं की पाणेरीची घरं आपल्या शाळेपासून सायकलच्या अंतरावर वसवली आहेत. रविवारी ती गेली. माळावर पत्र्याच्या शेडची रांग होती. झाड नावाला नव्हतं. ऊन पत्र्यावर पडून डोळ्यांत घुसत होतं. शेवटच्या शेडपुढं साळूबाई दारात बसली होती. अंगानं निम्मी झाली होती.

"कोन हाय?" तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "पोरी? आगं बया, ये ये. सावलीत ये."

सावली म्हणजे शेडच्या आतला अंधार. तिथं बाहेरच्यापेक्षा जास्त उकडत होतं. शेडच्या मागं एक म्हैस बांधली होती, तिच्या पाठीवर ओलं पोतं टाकलेलं. साळूबाईच्या पाच म्हशींतली ही एकच उरली होती. चार वाटेतच विकाव्या लागल्या. ही तोंड उघडं टाकून धापत होती.

"चारा खात न्हाई," साळूबाई म्हणाली. "डोंगराचं जनावर. हिला ऊन म्हाईतच न्हाई. कालपास्नं आटली."

दोघी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसल्या. हवालदार कोर्टाच्या तारखेला सांगलीला गेला होता. दोन घरं पुन्हा डोंगराकडं पळून गेली होती आणि परत आणून सोडली होती. साळूबाई सड्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

मग साळूबाई उठली. स्टो पेटवला, भांडं ठेवलं. दीक्षाकडं पाठ करून बराच वेळ काहीतरी करत राहिली. शेवटी दोन कपांत चहा गाळला. काळा, कोरा.

उभ्या आयुष्यात साळूबाईच्या घरून कुणी कोरा चहा पिऊन गेलं नव्हतं. तिनं कप पुढं केला, पण तिची नजर कपाकडं नव्हती, दाराबाहेर माळावर होती.

"दूध न्हाई गं आज," ती म्हणाली.

दीक्षानं कप घेतला. चहा कडक होता आणि साखर मुक्तहस्तानं घातलेली होती. तिनं तो फुंकत, घोट घोट घेत संपवला, आणि कप पुन्हा पुढं धरला.

"मावशी, अजून अर्धा आहे का?"

साळूबाईनं भांड्यात बघितलं.

"हाय की," ती म्हणाली, आणि स्वतःच्या कपातला तिच्या कपात ओतला.